कात्रीबाईचा खुबा

पडद्यांचं दुकान दोघी बहिणींचं. कापायचं थोरलीने, बोलायचं धाकटीने. थोरलीला सगळे कात्रीबाई म्हणत. गिऱ्हाईक आलं तरी ती मान वर करत नसे. रंग, चुण्या, झालर, काय ते धाकटी ठरवून यायची आणि थोरली जमिनीवर गुडघे टेकून कापड पसरायची. एवढं लांब कापड टेबलावर मावतं कुठे?

खुबा झिजला, दुकान तात्पुरतं बंद ठेवावं लागलं, तेव्हा डॉक्टरांनी दोन कृत्रिम सांधे समोर ठेवले. एकात गोळा लहान. चालणं-फिरणं झकास, पण जमिनीवर बसलं तर निसटायची धास्ती. दुसऱ्यात गोळा मोठा, वाटीही आतल्या आत फिरणारी. जपून का होईना, खाली बसता येईल. मात्र तो पुढे किती झिजेल, हे आज सांगता येत नाही. कात्रीबाईने दुसरा हातात घेऊन फिरवून पाहिला. बाहेर आल्यावर धाकटीला म्हणाली, तोच, मोठ्या गोळ्याचा. आणि नेहमीच्या शिरस्त्याने डॉक्टरांना कळवायचं काम तिच्या गळ्यात टाकून मोकळी झाली.

ऑपरेशन छान झालं. घरी निघताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, जमिनीवर बसायचं नाही, कधीच. कात्रीबाई हसून म्हणाली, माझा मोठ्या गोळ्याचा आहे हो. बाईंनी एक्स-रे उजेडात धरला. गोळा लहान होता.

डॉक्टरही गोंधळले. दुकान कायमचं बंद करताय, खाली बसायचा प्रश्नच नाही, असं तुमच्या बहिणीनेच सांगितलं. सहीही तुमचीच आहे, म्हणाले. सही तिचीच होती, धाकटीने बोट ठेवलं तिथे, न वाचता केलेली. कात्रीबाई धाकटीकडे वळली.

धाकटी पिशवी भरत होती. तिने नजर चुकवली, मग सगळं ओकून टाकलं. गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून तिचा जीव विटला होता, आणि ताई खाली बसू लागली की दुकान पुन्हा उघडणार, हे तिला दिसत होतं.

"तुला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, ताई."

आयुष्यभर जिच्या तोंडाने आपण बोललो, तिनेच केसाने गळा कापला. कात्रीबाईला राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"नको म्हणाली असतीस तर मी कायमचं कुलूप लावलं असतं," ती म्हणाली. "आता दुकान उघडणार. खाली बसून तू कापायचं. गिऱ्हाइकांशी मी बोलेन."

धाकटीने जन्मात कधी कात्री धरली नव्हती. आणि गिऱ्हाइकाशी काय बोलतात, हे कात्रीबाईलाही ठाऊक नव्हतं.