मेणाचा बाक

मी आज जो काही आहे तो कमलवहिनीमुळे. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. उमरेडच्या आमच्या घरात हातमाग होता, पण दहावीपुढे गेलेलं कुणी नव्हतं. वहिनीने स्वतः मागावर बसून मला शिकवलं, नागपूरला वास्तुशास्त्राच्या कॉलेजात घातलं. आता भाऊ आणि ती नागपुरातच हुडकेश्वरला राहतात. जानेवारीत मी गढवालला निघालो तेव्हा डब्यात तिळाच्या पोळ्या भरताना ती म्हणाली, "चिठ्ठी पाठवजो गा. फोनवर तू नुसता हो-हो करतं."

"तिथं पोस्ट कुठून आणू वं वहिनी?"

"माणसं राह्यतात तं पोस्टही असनच."

मी ज्या कार्यालयात काम करतो तिथे जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन नकाशे काढतात. गढवालात उंचावर एक ताल (तळं) आहे आणि त्याच्या काठी दोन लाकडी केबिनी. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाणारे स्कीवाले पिढ्यान्‌पिढ्या तिथे मुक्काम करत आले. मालक संस्थेला त्या पाडून तयार पत्र्याच्या खोल्या उभ्या करायच्या होत्या. त्यांचे एक साहेब पाहणीला वर येणार होते. जपण्यासारखं जुनं काही दिसलं तर एक केबिन राहणार होती. त्याआधी नकाशा आणि फोटो तयार ठेवणं माझं काम.

दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे बस, मग जीप आणि शेवटी पायी चढण. नागपुरात सक्करदऱ्याच्या दुकानातून घेतलेले माझे बूट पहिल्याच बर्फात उसवले. मला न्यायला आलेल्या कुंदनसिंगांनी त्यांच्यावर गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं. हे केबिनींचे राखणदार. त्यांच्या वडिलांनीही हेच काम केलं होतं.

"नागपूर," ते म्हणाले. "वहाँ तो संतरे को भी पसीना आता होगा."

"गर्मी में हमको भी आता है भैजी."

'भैजी' म्हणजे थोरला भाऊ, हे मी जीपमध्येच शिकून घेतलं होतं. ते हसले आणि तेव्हापासून मला 'भुला' म्हणू लागले, म्हणजे धाकटा भाऊ.

देवदारांची शेवटची रांग संपली आणि तळं दिसलं. पाणी कुठेच नव्हतं. पर्वतांच्या मधोमध पांढरं, सपाट अंगण पसरलं होतं आणि त्याच्या कडेला दोन काळ्या केबिनी गुडघाभर बर्फात उभ्या होत्या. मी बराच वेळ पाहत राहिलो. आत गेल्यावर मात्र मन खट्टू झालं. छप्पर पत्र्याचं होतं, खिडक्या नव्या होत्या. जुना म्हणावा असा एक लांब देवदारी बाक तेवढा शेगडीजवळ होता, आणि तोही काळाकुट्ट, चिकट.

रात्री कुंदनभैजींनी मंडुव्याची (नाचणीची) भाकरी आणि गहत (कुळीथ) डाळ वाढली. मला हात धुवायलाही उठू दिलं नाही. त्यांच्या अंथरुणातली जाड रजाई माझ्या अंगावर आली. एवढ्या पाहुणचाराची परतफेड कशी करावी, याच विचारात मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांना आणायला खाली गेले. मी एकटाच होतो. बाकाचा फोटो काढायचा होता, पण असा घाणेरडा बाक पाहून साहेबांना काय वाटेल? मी बर्फ वितळवून पाणी उकळलं, धुण्याचा सोडा घातला आणि सुरी व तारेची घासणी घेऊन बसलो. उकळत्या पाण्याने काळा थर मऊ झाला. दुपार टळेपर्यंत खालून पिवळं लाकूड निघालं. मला फार आनंद झाला.

केर भरताना मी थबकलो. सुरीखाली निघालेल्या सालपटांची वरची बाजू काळी होती, पण कडेला लाल, निळे, हिरवे पातळ थर एकावर एक बसले होते. ते मेण होतं. स्कीवाले पट्ट्यांना मेण लावतात, थंडीप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचं. ते याच बाकावर बसून लावायचे आणि सांडलेलं मेण वर्षानुवर्षं इथेच थिजत गेलं होतं. वरचा काळेपणा तेवढा शेगडीच्या धुराचा होता. त्या केबिनीत जुनं म्हणून जे होतं, ते मी सुपलीत भरलं होतं. आणि फोटो अजून काढला नव्हता.

कुंदनभैजी साहेबांना आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांना घेऊन आले. दारातच भैजींची नजर बाकावर गेली, मग माझ्या लाल झालेल्या हातांवर.

साहेब बाकावरून बोट फिरवत कुंदनभैजींना म्हणाले, "ये तो नया लगता है. आपने वो मोम वाली पुरानी बेंच बताई थी न?"

मी तोंड उघडलं. पण शब्द निघण्याआधीच कुंदनभैजी म्हणाले, "वही है साहब. मैंने धो दी. मेहमान आ रहे थे."

"अक्ल है कि नहीं? इतने साल से संभालने को रखा है आपको." मग साहेब माझ्याकडे वळले. "आप तो पढ़े-लिखे आदमी हैं, आप ही बताइए. अब इसमें बचाने लायक क्या है?"

मी खिडकीच्या चौकटीबद्दल काहीतरी बोललो. ऐकता ऐकता साहेबांनी वही मिटली.

निघताना मी म्हणालो, "भैजी, आपने ऐसा क्यों किया?" ते माझ्या बुटांवरची सुतळी आवळत होते. "तुम्हारी नई नौकरी है भुला. मुझे तो ये रोज़ डाँटते हैं."

दुसऱ्या दिवशी खालच्या गावात साहेबांच्या कार्यालयात जाऊन मी खरं सांगितलं, माफी मागितली आणि अहवालातही लिहून दिलं. साहेब म्हणाले, "ठीक है, रिपोर्ट से उसका नाम हटा देते हैं. पर बेंच तो गई." केबिनींविषयी ते पुढे बोलले नाहीत.

तिथल्याच पोस्टातून मी वहिनीला चिठ्ठी टाकली. आधी शुद्ध भाषेत लिहिली होती, पण ती वाचताना सबबीसारखी वाटली. म्हणून फाडली आणि घरच्या बोलीत लिहिली. ती अशी :

"ती. वहिनीले नमस्कार. पोळ्या पुरल्या. बूट फाटले, पाय ठीक आहेत. इथं लाकडाच्या घरात एक जुना बाक होता. त्याच्यावरचं मेण हेच त्याचं मोल होतं, अन् म्या ते घासून टाकलं. ते तं न समजून झालं. पण कुंदनसिंग म्हणून एक माणूस आहे, त्यानं आळ आपल्यावर घेतला अन् मी चूप राह्यलो. मंग साहेबाले खरं सांगतलं, पण तवा कुंदनभैजी तिथं नव्हते. बोलणं त्यायनं सगळ्यासमोर खाल्लं, अन् मी माफी बंद खोलीत मागतली. आता घर पाडतीन का ठेवतीन, मले माहीत नाही. तू इचारशीन, तवाच काहून नाही बोलला गा? भेव तं होतंच. पण साहेब मले शिकलेला माणूस म्हणून राहिला होता वहिनी, अन् मले ते ऐकून बरं वाटून राहिलं होतं."