बरं हाय की

आमच्या मामांना कुणीही ‘कसं काय’ विचारावं, उत्तर ठरलेलं: “बरं हाय की.” एकदा यंत्रमागात बोट सापडून नख निघालं, तरी हाताला फडकं गुंडाळून दारात उभे आणि वर “बरं हाय की.” असल्या माणसाचं दुखणं ओळखायचं कसं, देव जाणे.

सोलापुरात त्यांचा सगळा जन्म यंत्रमागावर चादरी विणण्यात गेला. कारखाना बंद पडला, मामा घरी बसले, आणि माग थांबले तरी त्यांच्या कानातला आवाज काही थांबेना. “रातकिडा बसलाय आत. मागाच्या खडखडाटात त्याचं कळत न्हवतं,” एवढंच म्हणाले. तेही मी खनपटीला बसले म्हणून.

कानाचे डॉक्टर म्हणाले, हा आवाज जाणारा नाही, त्याच्यासोबत राहायला शिकायचं. त्यांनी मोबाइलवर एक खेळ घालून दिला. त्यातला पोपट रोज सकाळी विचारायचा, “आज कानातला आवाज कसा आहे?” खाली तीन तोंडं: हसरं, साधं, रडकं. एक दाबलं की तो झऱ्याचा आवाज ऐकवायचा, त्यात लपलेली पाखरं ओळखायची. ओळखली की पोपटाला मिरची. मामा चष्मा पुसून, चहा बाजूला सारून बसायचे. मला वाटलं, चला, मार्गाला लागलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मोबाइल बघितला. रोज हसरं तोंड. ते खूश. परतताना रिक्षात मी विचारलं, “मामा, खरंच कमी झालाय?”

“न्हाय गं. वाढलाय.”

“मग हसरं तोंड का दाबता?”

“रोज एवढ्या मायेनं इचारतंय ते. त्याच्यापुढं कुटं रडायचं?”

मी चिडले. दुसऱ्या दिवशी समोर बसून रडकं तोंड दाबायला लावलं. पोपटानं मान खाली घातली. मामा कासावीस झाले. “बगितलंस? उगं त्या पाखराला घोर लावला.” पुन्हा हसरं सुरू. मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मामांना विचारलं, तर म्हणाले, “बरं हाय की.” आता बोला.

हळूहळू त्यांचं बोलणं आटलं. थंडीतसुद्धा पंखा पुरा सोडून, अंगावर चादर घेऊन त्याच्या घरघरीखाली बसायचे. तसेच बसल्या जागी एका दुपारी गेले. त्यांना एक दिवसही शांतता मिळाली नाही, आणि मला काही करता आलं नाही.

मोबाइल माझ्याकडे आला. सकाळी पोपटानं विचारलंच. माझं बोट रडक्या तोंडावर गेलं, पण दाबवेना. हसरं दाबलं.

पोपट नाचत म्हणाला, “छान! आजचाही दिवस बरा.”