पहिलं तेल आणि पार्लरची बरणी

मी लालभडक, वाघिणीसारखी गुरगुरणारी टर्बो गाडी घेतली तेव्हा सिडकोतल्या आमच्या गल्लीत दोन पक्ष पडले. एक म्हणे, पार्लरवालीचं डोकं फिरलं. दुसरा म्हणे, ते आधीपासूनच फिरलेलं होतं. माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, कुठल्याच पक्षात नव्हते. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, बॉनेट उघडायला लावलं, आत कान घातला आणि निकाल दिला, "इंजिन लई गुणी आहे. पण ह्याचं पहिलं तेल निघंस्तोवर मी हिच्यात बसणार नाय."

अप्पांची अख्खी नोकरी वाळूजला, इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात झाली. बाकीचे लोक निवृत्तीनंतर भजनाला लागतात. अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याच्या स्कूटरचा आवाज ऐकून तिची कुंडली मांडतात.

"नवं इंजिन म्हंजे ओली बाळंतीण," त्यांनी मला समजावलं. "सव्वा महिना जपायचं. पळवायचं नाय, उगं जाग्यावर घरघरत ठेवायचं नाय. आतले भाग एकमेकाला घासून आपापली जागा धरतात. त्याचा बारीक कीस तेलात उतरतो. आन् तुझं टर्बो त्याच तेलावर भिंगरीवानी फिरतं. ते तेल लवकर काढून टाकायचं."

"अप्पा, गाडीच्या पुस्तकात तर वर्षानं बदला असं लिहिलंय."

"मग पुस्तकवाल्याला बसव शेजारी."

इथंच माझी गोची झाली. कारण शेजारी मला अप्पाच हवे होते. मी गाडी शिकायला लागले तेव्हा घरातले यच्चयावत पुरुष कामात होते. काका कामात, भाऊ कामात, मामा तर मला बघून कामात. अप्पा तेवढे सुट्टीच्या दिवशी मागून आणलेल्या व्हॅनमध्ये माझ्याशेजारी बसायचे, बोटं पांढरी पडेपर्यंत दाराचा दांडा धरायचे आणि म्हणायचे, "दाब. घाबरू नको, दाब." तेव्हापासून मनाशी ठरवलं होतं, कधी खरी पळणारी गाडी घेतली तर पहिली लांबची चक्कर पैठणला, आत्याकडे, आणि शेजारच्या सीटवर अप्पा. आत्या तिकडून रोज फोन करत होती. अप्पा शांतपणे म्हणाले, "तू हो पुढं. मी एसटीनं येतो."

झालं. पैठण लांबलं आणि मी बाळंतपण काढायला लागले.

ती वाघीण मी अशी चालवली की काय सांगू! जालना रोडवर मला रिक्षांनी मागं टाकलं, दुधाच्या गाड्यांनी मागं टाकलं. एकदा तर पाण्याचा टँकर, तोही गळका, शेजारून गेला. त्याच्या ड्रायव्हरनं माझ्या गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अतीव करुणेनं विचारलं, "क्या हुआ दीदी? धक्का मारूं क्या?"

मी काच वर केली. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नसतो.

सव्वा महिना सरला तसे आम्ही सर्व्हिस सेंटरवर गेलो. मी गाडीतून, अप्पा मागून आपल्या स्कूटरवर. अंगात कारखान्याचा जुना निळा शर्ट, पायात सेफ्टी शूज. गेटवरच्या वॉचमननं मला थांबवलं आणि अप्पांना सलाम ठोकला.

काउंटरवरचा सल्लागार टाय लावलेला, गोड मुलगा होता. "मॅडम, एवढ्या लवकर गरज नाही. हे तेल वर्षभर चालतं. फिल्टर आहे ना."

अप्पा पुढं वाकले. "साहेब, लेकरं आहेत का?"

"एक मुलगी आहे, काका."

"तिचं पहिलं लंगोट वर्षभर ठिवलं होतं काय?"

मागं रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी पदर तोंडाला लावला. सल्लागारानं मान खाली घालून निमूट कॉम्प्युटरवर काम नोंदवलं. तेल कंपनी सांगते त्याच दर्जाचं, इथंच बदलायचं, त्यामुळं वॉरंटीलाही धक्का नाही, असं सगळं ठरलं.

अप्पांची एकच अट होती. निघालेलं तेल त्यांना काचेच्या बरणीत, उन्हात धरून बघायचं होतं. आईनं सकाळीच बजावलं होतं, "माझ्या लोणच्याच्या बरणीला हात लावाल तर याद राखा." म्हणून मी माझ्या पार्लरमधली एक रिकामी बरणी आणली होती. चांगली साबणानं धुतलेली.

गाडी वर चढली. मेकॅनिकनं इंजिनाखालचा बोल्ट काढला आणि गरम तेलाची तपकिरी धार बरणीत उतरली. अप्पांनी फडक्यात धरून ती दारात, उन्हात नेली. मग सगळं वर्कशॉप ऐकेल अशा आवाजात गरजले, "बघा! बघा म्हणतो!"

तेल झगमगत होतं. नुसतं चमकत नव्हतं, दिवाळी साजरी करत होतं. आत सोनेरी, गुलाबी ठिणग्या गरगर फिरत होत्या. मेकॅनिकच्या हातातला पाना थांबला. सल्लागाराचा चेहरा त्याच्या शर्टासारखा पांढरा झाला. त्यानं धावत जाऊन मॅनेजरला आणलं. मॅनेजरनं बरणीत डोकावून घाम पुसला. "एवढा मेटल? बेअरिंगच गेलं असणार. मॅडम, गाडी इथंच ठेवा. इंजिन खोलावं लागेल."

अप्पांची छाती फुगली होती. आणि मला मात्र आठवलं होतं की त्या बरणीत काय असायचं. नवरीच्या मेकअपची चमकी! चमकी म्हणजे सासरकडचे लांबचे पाहुणे. कितीही निरोप द्या, कुठल्यातरी कोपऱ्यात मुक्काम असतोच. झाकणाच्या आट्यांत, तळाच्या कडेला ती दबा धरून बसली होती, आणि गरम तेल मिळताच नाचायला बाहेर आली होती.

आता बोलावं तर इतक्या वर्षांनी वर्कशॉपमध्ये मान वर करून उभे असलेले अप्पा सगळ्यांसमोर तोंडघशी. न बोलावं तर वाघिणीची चिरफाड आणि पैठण कायमचं एसटीनं.

तेवढ्यात अप्पांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि बरणीच्या काचेला लावलं. एक ठिणगी हलली नाही. त्यांनी भुवई उडवली. बरणीच्या काठावरचा थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनीनं चोळला, अंगठा उन्हात धरला. गुलाबी. मग त्यांनी सावकाश माझ्याकडं बघितलं. मी सकाळीच एका नवरीचा मेकअप उरकून आले होते. माझ्या गालावर तीच दिवाळी होती.

अप्पांच्या मिशा थरथरल्या. रागानं की हसू दाबताना, ते अजून कळलेलं नाही.

"साहेब," ते मॅनेजरला म्हणाले, "इंजिन खोलायचं काम नाय. चुंबकाला काय चिकटंना. ही चमक वरची आहे, माझ्या पोरीच्या दुकानातली. इंजिनातलं काय असंल ते त्या बोल्टावर बघा."

मेकॅनिकनं बोल्ट आणून दिला. त्याच्या टोकाच्या चुंबकावर राखाडी रंगाची मऊ लव होती, मांजराच्या पिल्लाच्या अंगावर असते तेवढी. मॅनेजरनं सुस्कारा सोडला. "नव्या इंजिनाला एवढं असतंच, काका."

"असतंच. म्हणून तर काढलं," अप्पा म्हणाले. दोघंही आपणच जिंकलो अशा थाटात एकमेकांशी हात मिळवून मोकळे झाले.

नवं तेल पडलं, नवा फिल्टर बसला. अप्पांनी स्कूटर तिथंच लावली, सेफ्टी शूज पायरीवर झटकले आणि शेजारच्या सीटवर येऊन बसले. दाराचा दांडा धरला. जुन्या सवयीनंच.

पैठणच्या वाटेवर बिडकीनपर्यंत मी बाळंतपणाच्याच चालीनं गेले. पुढं रस्ता मोकळा झाला. ते समोर बघत होते, मी स्पीडोमीटरकडं.

"आता कशाची वाट बघायली?" अप्पा म्हणाले. "दाब."

वाघीण उठली. आम्ही दोघंही सीटमध्ये रुतलो, आणि अप्पा असे खदखदून हसले की दांडा हातातून सुटला.

पैठणला आत्या ओट्यावर वाट बघत होती. अप्पा उतरले तशी ती दोन पावलं मागं सरकली. वाटेत त्यांनी मिशीला पीळ भरला होता, नाक खाजवलं होतं, कपाळ पुसलं होतं, सगळं त्याच गुलाबी अंगठ्यानं.

"अगं बया! दादा, हे काय रे? तोंड का चमकायलंय? या वयात मेकअप?"

अप्पांनी मिशी आणखी वर वळवली. "पहिलं तेल काढून आलोय," ते म्हणाले आणि नवरदेवाच्या ऐटीत घरात शिरले.