पेट्रोलच्या वासामागे

मोटार दुरुस्त होऊन निघून जाते, पण तिची गोष्ट शेडमध्येच राहते! रत्नागिरीत मोटारी मोजक्याच होत्या आणि पेट्रोल बोटीने डब्यांतून यायचं, त्या काळात मी बापूशेटच्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होतो. शेडमध्ये मिस्त्री होते इस्माईलचाचा. चहा आला की पेट्रोलगळतीची एखादी गोष्ट निघायचीच. सुरू व्हायची हसतहसत. संपताना मात्र कुणी हसत नसायचं.

*

एका डॉक्टरांना हातखंब्याच्या वाटेवर चढ लागला की मोटारीत हाक ऐकू यायची, "बाळ्या!" हाक त्यांच्या वारलेल्या आईची. डोळे जड व्हायचे. एकदा मोटार थेट झाडावर गेली, तेव्हा आमच्याकडे आले.

चाचांनी पायाखालच्या फळ्या उचकटल्या. चढावर कार्बोरेटर भरून वाहायचा आणि पेट्रोलची वाफ फटीतून आत येऊन गुंगी आणायची. कार्बोरेटरमधला पेट्रोल अडवणारा फ्लोट बदलला, फटी बुजवल्या.

काही दिवसांनी डॉक्टर भेटले. चाचांनी विचारलं, "आता कसं?"

"मोटार झकास!" मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, ती फट... थोडी उघडी ठेवता येईल का हो?"

*

एका वकिलांची मोटार उभ्या उभ्याच पेट्रोल प्यायची! चोरी समजून त्यांनी राखणदार बसवला. तो लगेच काम सोडायला निघाला. "आत कुणीतरी श्वास घेतंय, साहेब. ऊन चढलं की जोरात घेतं!"

चाचांनी पेट्रोलच्या नळीला साबणाचा फेस फासला. खाली थेंब नाही. पण सांध्यावर एक बुडबुडा फुगला, बसला. फुगला, बसला. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं होतं आणि उन्हाने तापलेली वाफ त्या सांध्यातून सुटत होती.

चाचांनी सांध्याला कथलाचा डाग दिला. फुगणं थांबलं.

राखणदार लांबूनच ओरडला, "अहो, त्याचं नाक दाबलंत तुम्ही!"

*

एका व्यापाऱ्याची मोटार पडावातून, शिडाच्या मोठ्या होडीतून, पूर्णगडला उतरवली होती. मी नि चाचा आणायला गेलो. बघतो तर वाळूत मोटारीभोवती खेकडेच खेकडे, सगळे मेलेले! टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, ढिला होता. पेट्रोल वाळूत मुरलं, तसे ते बिळांतून वर आले आणि तिथेच पडले.

कॉक आवळला. एक म्हातारा मच्छीमार बघत होता. मी म्हटलं, "बाबा, काही नाही, नुसतं पेट्रोल."

तो खेकड्यांकडे बघत म्हणाला, "ज्याला घेवन आलास, त्याला घेवन जा."

*

एकदा चाचा तापाने घरी पडले होते. दुपारी त्यांचा निरोप आला, "मागची मोटार गळतेय. शेगडी विझवा!" आम्ही मागे धावलो. मोटारीखालून ओघळ निघाला होता आणि डागाची पेटलेली शेगडी जेमतेम हातभर लांब. बापूशेटनी शेगडीवर माती लोटली.

संध्याकाळी मी चाचांना विचारलं, "एवढ्या लांब वास आला तुम्हाला?"

"वास कुठला, बेटा? माझं नाक चोंदलंय. ज्याने येऊन सांगितलं, त्याला मी तूच समजलो."

*

आणि हे मी चालवत असलेल्या मोटारीतलं. देवरूखला निघालो होतो. पुढे मी आणि दाराशी आमचे नेहमीचे उतारू तात्या. तात्या जन्मांध, पण बोलायला एकदम तरतरीत. आमच्या दोघांमध्ये एका माणसाची जागा रिकामी.

थोडं गेल्यावर तात्या म्हणाले, "मधल्या गृहस्थांना जरा सरकायला सांग. कपड्यांना पेट्रोलचा वास मारतोय."

"तात्या, मध्ये कुणीच नाही!" मी हसलो. आणि मग मलाही वास आला.

मागे बसलेल्या एका उतारूने बिडी तोंडात धरून काडी काढली होती. "काडी ओढू नका!" मी ओरडलो आणि ब्रेक दाबला. सगळ्यांना खाली उतरवलं, तात्यांना हाताला धरून. सीट उचलली. टाकी सीटखालीच असायची. तिची शिवण पाझरत होती, नेमकी मधल्या जागेखाली. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. धुण्याचा साबण शिवणीत दाबून भरला. सीट पुसली, वाळवली. पाझर थांबला.

पुन्हा निघालो. वारा छान लागत होता. बघतो तर तात्या अंग चोरून दाराला चिकटलेले.

"तात्या, ऐसपैस बसा की! वास गेला ना?"

"वास गेला रे," तात्या अगदी हळू आवाजात म्हणाले. "पण हे गृहस्थ कुठे उतरले?"