घरच्या माणसाचं अत्तर

कोल्हारात आमच्या शेजारच्या काकू अत्तर लावल्याशिवाय विहिरीवरसुद्धा जात नसत. तेही साधंसुधं नाही, हिना! सारी आळी त्यांना हिनाकाकू म्हणायची. मी नवी सून म्हणून आले तेव्हा मनात म्हटलं, काय बाई हा नखरा!

नखरा नव्हता तो. काकूंचा नवरा फौजेत. सुटीवर येताना नगरच्या कापडबाजारातून हिन्याची कुपी आणायचाच. काकूंचं शास्त्र ठरलेलं. "गुलाब लग्नातला, केवडा देवाचा, वाळा उन्हाळ्याचा. हिना मातुर आपल्या मानसाचा. थंडीत ऊब देतो बघ."

मग लढाई झाली, आणि तार आली. नवरा बेपत्ता.

त्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. काकूंसमोर सासूबाईंचं कुंकवाचं बोट थबकलं, मागोमाग माझी अत्तरदाणी. यांना आता सवाष्ण म्हणावं की नाही? काकूच डाफरल्या, "लावा की! सापडला न्हाई म्हंजे गेला न्हवं. आन् तू गं, बघत काय बसलीस?" लाजेने मेले मी.

पुढे दुष्काळात आळीतल्या बायका रस्त्याच्या कामाला गेल्या. काकू खडी फोडायलाही हिना लावून! मुकादम हसला, तर म्हणाल्या, "मालक आज सांजच्या गाडीनं उतरले, तर घामट अंगानं सामोरी जाऊ व्हय?"

पुढच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी नवऱ्याच्या पलटणीतला एक जवान काकूंकडे येऊन गेला. शत्रूच्या कैदेतून नुकताच सुटला होता. दुसऱ्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या, पण उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. कपाळ मोकळं.

"त्यानं डोळ्यानं बघितलंय," म्हणाल्या. "मालक त्याच्यासमोरच पडले. तुमचं आवतन हुतं, म्हनून सांगाया आले. आत येत न्हाई."

आणि वळल्याच. चुलीत गेली ती रीत! मी अत्तरदाणी घेऊन रस्त्यात त्यांच्यामागे धावले. "काकू, हात द्या."

त्यांनी हात पदराखाली घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, अत्तरदाणीतला हिन्याचा फाया घेतला आणि माझ्याच मनगटावर फिरवला. "तुझा येतो ना सांजच्याला घरी? तूच लाव."

काकू निघून गेल्या. आतून सासूबाई हाका मारत होत्या, बायका खोळंबल्या होत्या. मला मेलीला पाय उचलेना.