काळ्या ढिगातली साडी

माझ्या पुतण्याचा, संतोषचा पहिला फोन आला तेव्हा मी चहाला आधण ठेवलं होतं. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. आजार जुना होता, डॉक्टरांनी कल्पना दिलेली होती, तरी चहा तसाच उकळून आटला. दुसरा फोन दुपारी आला. "काकू, आईचा एकटीचा फोटो कुठंच सापडंना. आधार कार्डावरचा हाय, पन त्यात ती आईसारखी दिसत न्हाय." मी म्हटलं, पिंपळीच्या घरात भिंतीवर आहे तो घे. "त्यो तर सगळ्यांचा हाय," तो म्हणाला. मी म्हटलं, त्यातूनच काढायचा. त्याला आता महिना होऊन गेला. माणसं आली, गेली, दहावा झाला, तेरावा झाला, प्रत्येकाला तेच तेच सांगून माझी जीभ थकली. खरं सांगायचं तर मीच थकले आहे. रडू येत नाही, झोपही लागत नाही, नुसतं बसून राहावंसं वाटतं. बसल्या बसल्या तो फोटोच डोळ्यांपुढे येतो, म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून टाकू.

आक्का म्हणजे संतोषची आई, माझी थोरली जाऊ. मी समोर तिला अहोजाहो करायची, मनात मात्र ती कायम एकेरीच राहिली. मी इंदापूरहून लग्न होऊन पिंपळीच्या वस्तीवर आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, घर आक्काच चालवत होती. पूर्वी आमच्या घरात मेंढरं होती. माझ्या सासऱ्यांच्या, तात्यांच्या उमेदीतच कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं गेली आणि ऊस आला. मी येऊन वर्षभर झालं असेल नसेल, थोरले दीर विहिरीवर मोटार बसवताना शॉक लागून गेले. संतोष तेव्हा रांगत होता. आक्काचं कुंकू गेलं, हिरव्या बांगड्या गेल्या, आणि तिच्या दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांचे रंगसुद्धा गेले. कॉफी, राखाडी, मातकट, नाहीतर बारक्या काठाची पांढरी. कुणी तिला तसं बोलून दाखवलं नव्हतं. बोलावं लागतच नाही, आमच्याकडे बाई स्वतःच समजून घेते. पहाटे उठायचं, धारा काढायच्या, बारा माणसांच्या भाकरी थापायच्या आणि कुठल्याही कार्यात दाराआड उभं राहायचं, हे तिनं इतकं बिनबोभाट अंगवळणी पाडून घेतलं होतं की तिला काही हवं असेल हे आम्हा कुणाच्या ध्यानातच येईना.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. धाकटे दीर इंदापूरला जमीन बघून तिकडे राहायला जाणार असं ठरलं. आमच्या ह्यांची नोकरी साखर कारखान्यात, त्यामुळे आम्हीही आज ना उद्या बारामतीत बिऱ्हाड करणार हे उघड होतं. भांडण काही नव्हतं, पण घर मोडत होतं. तात्या दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "वेगळं व्हायच्या आधी समद्यांचा मिळून एक फोटू काढायचा. स्टुडिओत जाऊन. आन् रंगीत नगं. रंगीत फोटू उडतो, काळापांढरा टिकतो. आमच्या बापाचा अजून तसाच हाय." मग आक्काकडे बघून म्हणाले, "कुनी काय घालायचं ते तू ठरव. एका घरची मानसं वाटली पायजेत." तात्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. आक्कानं मान हलवली आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी तिनं मधल्या खोलीत सगळ्यांच्या ट्रंका उघडायला लावल्या. आक्काचं माहेर घोंगड्या विणणाऱ्यांचं. लहानपणापासून तिनं लोकर निवडलेली. लोकर निवडताना तीन ढीग करतात, पांढरी, काळी आणि करडी, आणि घोंगडीचे पट्टे त्या तिन्हींतूनच उठतात. तिनं आमच्या कपड्यांचेही तसेच ढीग लावायला घेतले. "फोटूत तीनच रंग येत्यात," ती म्हणाली. "पांढरा, काळा आन् करडा. काळ्याशेजारी काळं बसलं की मानूस मानसात मिसळून जातंय, मुंडकंच तेवढं दिसतंय." तात्यांचा गुलाबी पटका करड्यात गेला. धाकट्या जावेची गर्द जांभळी साडी काळ्यात, दिरांचा पिवळा सफारी पांढऱ्यात. मुलांना एकाच ताग्यातले निळे शर्ट शिवलेले होते, तेही तिनं डोळे बारीक करून पाहिले आणि करड्यावर ठेवले. माझी नारिंगी साडी तिनं उचलली तेव्हा मात्र माझ्या जिवावर आलं.

"आक्का, नारिंगी? आन् शेजारी जांभळं, पलीकडं पिवळा सफारी? सोंगं वाटू आपण."

"फोटूत कुठं दिसतंय? तू करडी हायस. गप नेस."

आम्ही दोघी जावा पोट धरून हसलो. आक्काही हसली. दीर गेल्यापासून ती अशी हसलेली मला तरी आठवत नाही. ती त्या ढिगांमध्ये फतकल घालून बसली होती, एखादा कपडा उचलायची, डोळे मिटल्यासारखे करायची आणि त्यातला रंग काढून टाकून बघायची. मग मी सहज विचारलं, "तुमचं काय, आक्का?" ती "माझं बघू की. काळ्या ढिगात एक हाय," म्हणाली आणि ट्रंकेचं झाकण लावून टाकलं.

बारामतीला गेलो ते आमच्याच ट्रॉलीतून. धुळीनं कपडे मळू नयेत म्हणून सगळे ढीग तिनं चादरीत बांधून घेतले होते, गाठोडं रस्ताभर तिच्या मांडीवर. स्टुडिओत मागच्या बाजूला पडदा लावून बायकांना कपडे बदलायला जागा होती. आधी आम्ही दोघी नेसलो, मग मुलांची गडबड, कुणाचं बटण तुटलेलं, कुणाला तहान लागलेली. तिनं सगळ्यांचं केलं, तात्यांचा पटकासुद्धा नीट करून दिला, आणि मग एकटी पडद्याआड गेली. फोटोग्राफर आम्हाला ओळीत बसवत होता. पडदा सरकला आणि आक्का बाहेर आली. अंगावर हिरवीगार साडी. नवीकोरी, घड्यांच्या रेघा अजून कापडावर उमटलेल्या. कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि मधे ते हिरवं.

धाकटीनं माझा हात दाबला. आमचे हे खाली बघायला लागले. ती साडी मी ओळखली. थोरल्या दिरांनी ऊस कारखान्याला गेल्यावर हौसेनं आणली होती, दिवाळीला घडी मोडायची म्हणून तिनं ठेवली होती, आणि ते दिवाळीआधीच गेले. आक्का तात्यांच्या समोर उभी राहिली. शब्द तिनं नीट जुळवून आणलेले होते. "तात्या, काळ्या ढिगातली हाय. फोटूत काळीच येनार. कुनाला कळायचं न्हाय. एकदाच..." तात्यांनी साडीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. फोटोग्राफरनं आपल्या अंदाजानं तिला कडेला उभं राहायला सांगितलं तेव्हा तात्या म्हणाले, "थोरली हाय ती. हितं बसंल." आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसले.

फोटो आणायला धाकटे दीर गेले. घरी येऊन त्यांनी पाकीट उघडलं आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. फोटो रंगीत होता. फोटोग्राफर म्हणे, काळ्यापांढऱ्याचा रोल हल्ली पुण्याहून मागवावा लागतो, आणि तुम्ही एवढे रंगीबेरंगी होऊन आलात तर वाटलं, चांगलंच घ्यावं! जत्रेतलं खेळण्यांचं दुकान मांडावं तसे आम्ही ओळीनं बसलेलो. गुलाबी पटका, पिवळा सफारी, जांभळं, नारिंगी, निळे शर्ट. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर हसून हसून पुरेवाट झाली असती. पण मधोमध आक्का होती, आणि तिच्याइतका उजळ रंग त्या फोटोत दुसरा कुणाचाच नव्हता. तिनं एकदा पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि गोठ्यात निघून गेली. मी मागोमाग गेले, तर ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी. "जाळून टाक त्यो फोटू, सुमन," म्हणाली. "माझ्या लेकराला लोक नावं ठेवतील."

संध्याकाळपर्यंत भावकीत कळलंच. तात्यांचे चुलतभाऊ येऊन बसले, फोटो हातात घेऊन दूर धरून पाहिला. "आबा, ह्यो काय दारात लावायचा न्हाय. पाव्हनंरावळं येनार, काय म्हनतील? दुसरा काढा, तिला मागं उभी करा." तात्यांचं चुलतभावांतलं नाव आबा. आक्का स्वयंपाकघराच्या दाराआड होती, मला तिची सावली दिसत होती. तात्या उठले. आतून हातोडी आणि खिळा घेऊन आले, आणि दारातून आत आल्या आल्या नजरेला पडेल अशा भिंतीवर त्यांनी स्वतः खिळा ठोकला. तेव्हा ते काही तरणे नव्हते, दोनदा खिळा वाकडा झाला. ठोकून झाल्यावर मागं न वळताच म्हणाले, "साडी घेताना दुकानात मी बी व्हतो. माझ्या लेकानं ती नेसायला आनली व्हती. ट्रंकंत ठेवायला न्हाय." चुलतसासऱ्यांनी चहा घेतला नाही. दाराआडची सावली तशीच उभी होती. तात्या गेले त्याला आता किती वर्षं झाली, पण त्यांचा हा एवढा एक उपकार मी विसरू शकत नाही.

पुढं ठरल्याप्रमाणं घर पांगलं. इंदापूरचे इंदापूरला, आम्ही बारामतीत, आक्का आणि संतोष तात्यांपाशी पिंपळीला. ती साडी तिनं पुन्हा कधीच नेसली नाही. धुऊन, घडी घालून परत ट्रंकेत. आम्ही दिवाळीला गेलो की मला हटकून दिसायचं ते हे, की सगळं घर सुनेवर सोपवून झालं तरी त्या फोटोची काच आक्का स्वतः पुसायची. स्टुलावर चढायची, ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. एकदा मी चिडूनच म्हटलं, "एवढी हौस होती तर नेसायचीत की पुन्हा. आता कोण बोलणार आहे?" ती स्टुलावरूनच म्हणाली, "अगं, अंगावर एकदाच नेसले. पन भिंतीवर तर रोजच नेसती की." आणि परत काच पुसायला लागली.

शेवटचं भेटले तेव्हा तिला उठवत नव्हतं. तिची खाट त्याच भिंतीसमोर हलवून घेतली होती. तिनं खुणेनं फडकं दाखवलं, मी स्टुलावर चढले. माझे गुडघे आता असल्या कामाचे राहिलेले नाहीत, चढताना मी बडबडतच होते. काच पुसली तरी फोटो काही उजळला नाही. एवढ्या वर्षांच्या उजेडानं रंग उतरले होते, तात्या म्हणाले होते तसंच झालं होतं. माझं नारिंगी विटलं होतं, पिवळा सफारी पांढऱ्यावर आला होता. "हिरवं निळं पडाय लागलंय बघ," आक्का खाटेवरून म्हणाली. मी म्हटलं, तुम्हाला तसं वाटतंय. "न्हाय गं. मी रोज बघती न्हवं?" मग बराच वेळ डोळे मिटून पडली. मला वाटलं झोप लागली... तर म्हणाली, "उद्या पार रंग गेला तर लोकांना सांग, सुमन. हिरवं व्हतं म्हनून सांग." जी बाई फोटो जाळून टाक म्हणाली होती, तीच हे म्हणत होती. मी हो म्हटलं आणि स्टूल जागेवर नेऊन ठेवलं.

संतोषनं त्या फोटोतून तिला वेगळं काढून मोठं करून घेतलं. हल्ली ते कॉम्प्युटरवर होतं. फोटो करायला दिला त्या दिवशी संध्याकाळी त्याचा तिसरा फोन आला. "काकू, भावकीतली दोघंतिघं म्हनत्यात, साडीचा रंग बदलून घ्या. पांढरी न्हायतर राखाडी. स्टुडिओवाला म्हनतो, लगेच हुतंय. काय करू?" इतक्या वर्षांनी तेच बोलणं, फक्त बोलणारी तोंडं बदललेली. मला रागही आला नाही, इतका शीण आला होता. मी म्हटलं, "तुझ्या वडलांनी आणलेली साडी आहे ती, संतोष. तिला हात लावू द्यायचा नाही." त्याला वडील आठवत नाहीत. पलीकडून तो म्हणाला, "बरं, काकू."

त्याच फोटोची एक प्रत आता माझ्यासमोर, बारामतीच्या घरात, टेबलावर आहे. कापताना तिच्या खांद्यापाशी माझ्या नारिंगी पदराची एक कड तेवढी राहून गेली आहे. ती काढून टाकतो म्हणत होते, मी राहू दे म्हटलं. सकाळी चहा झाला की मी फडकं घेते, आधी ओलं, मग कोरडं. या लेखासोबत तो फोटो छापायला दिला तेव्हा कळलं की पुरवणीच्या या पानावर रंग नसतो. म्हणजे आक्कानं ढीग लावताना गृहीत धरलं होतं तसंच अखेर झालं, तुम्हाला ती साडी काळीच दिसेल.

काळी नाही. हिरवी होती ती.