मोताळ्याच्या पेंटरची बारा पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यासोबत पंचवीस वर्षं जुनी कॉमिक्स धुंडाळत फिरलो त्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? नीट सांगता येणार नाही. सांगून हलकं वाटेल असंही नाही. या गोष्टीचं आता मला काही वाटत नाही — आणि ते तरी कुणाला कळावं, एवढंच असेल.

मी बुलढाण्यात एका शाळेत चित्रकला शिकवायचो. आता निवृत्त आहे. घरातली एक खोली कॉमिक्सची आहे. या बाबतीत माझी मतं ठाम आहेत, ओळखीच्यांना ती पाठ आहेत. कॉमिक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवणाऱ्याला मी संग्राहक म्हणत नाही, गोदामवाला म्हणतो. पुस्तक वाचलेलं असावं, कोपरे मुडपलेले असावेत. संगणकावर रंगवलेली नवी पानं मला गुळगुळीत वाटतात. जुन्या छपाईत लाल रंग रेषेच्या बाहेर सांडायचा, त्यातही काहीतरी होतं. आणि चित्रकार ओळखायचा तर नायकाचा चेहरा पाहू नये, मागचं पाहावं — झाड, दुकानाची पाटी, बैलाचा खूर. चेहरा काय, कुणीही घोटून काढतो.

या शेवटच्या मतानेच मी अडकलो.

नागपूरच्या एका छोट्या प्रकाशनाची कॉमिक्स होती, रानातल्या पाड्यांवर टपाल वाटणाऱ्या एका डाकवाल्याची. प्रकाशन कधीचंच बंद पडलं. मुखपृष्ठावर एका चित्रकाराचं नाव असायचं. ते इथे लिहीत नाही. त्यांच्या रेषेवर मी एका दिवाळी अंकात मोठा लेख लिहिला. त्यांच्या चित्रांत सावलीच्या रेघा वर डावीकडून खाली उजवीकडे उतरतात, बहुतेकांच्या उलट. हा त्यांनी वर्षानुवर्षं मुद्दाम घडवलेला ढंग आहे, असं मी ठासून लिहिलं. लेख गाजला. खुद्द त्यांचं पत्र आलं — माझी रेषा तुम्हीच ओळखलीत. ते पत्र मी फ्रेम करून भिंतीवर लावलं. मग मला भाषणांना बोलवायला लागले. अकोला, अमरावती, एकदा पुणेसुद्धा. पुण्यात माझ्या बोलीला हसले, पण ऐकलं.

आणि त्यानंतर वर्षभरात मी मोताळ्याला गेलो.

आठवडी बाजारात कधीमधी रद्दीत काही सापडायचं, म्हणून जायचो. एका कृषी केंद्राच्या पाटीवर एक माणूस शिडीवर उभा राहून बैलजोडी रंगवत होता. डाव्या हाताने. मी खाली थांबलो. बैलाच्या पोटाखाली त्याने सावली टाकली, आणि रेघा डावीकडून उजवीकडे उतरल्या. मग त्याने खूर काढला. तो खूर मी शंभर वेळा पाहिलेला होता.

ते खाली उतरल्यावर मी विचारलं, तुम्ही कधी कॉमिक्स काढली होती का?

"हाव," ते हात पुसत म्हणाले. "सतरा पुस्तकं. तुमाले कोणं सांगतलं?"

त्यांचं नाव भीमराव. गावात सगळे नुसतं पेंटर म्हणायचे. त्यांनी मला घरी नेलं. भिंतीवर त्यांनीच काढलेला बुद्ध होता. पेटीतून त्यांनी बारा पानं काढली, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने केलेली. डाकवाल्याची. माझ्या लेखात छापलेलं पानही त्यात होतं, छापण्याआधीचं. चित्रं ते काढायचे, शाईही तेच भरायचे, आणि नागपूरला त्या चित्रकारांकडे पाठवायचे.

"नावाचं इचारलं तं ते म्हणे, पुस्तक एकाच नावानं चालते," ते म्हणाले. "म्या म्हटलं, चालू द्या. आता तुमी पाह्यलं तं लेहा. पोरीले दाखवीन."

मी पानं मागून घेतली. ताडून पाहतो म्हणालो. ताडायचं काय होतं? मला शिडीखालीच कळलं होतं. मी ज्याला घडवलेला ढंग म्हणालो, तो एका डावखुऱ्या माणसाचा साधा हात होता. हे लिहिलं असतं तर लेख गेला असता, भिंतीवरचं पत्र गेलं असतं, भाषणं गेली असती. पण तेवढंच नव्हतं. मोठ्या चित्रकाराची रेषा ओळखणारा मी — आणि ती निघाली कुणाची, तर मोताळ्यात पाट्या रंगवणाऱ्या भीमराव पेंटरची. हे मला खटकलं. का खटकलं, ते तुम्ही ओळखलं असेल. मीही तेव्हाच ओळखलं होतं.

तीन वर्षं गेली. बसस्टँडवर भेटले की ते विचारायचे, "सर, झालं का लेहून?" मी म्हणायचो, चालू आहे. ते मान हलवायचे.

मग त्यांची मुलगी आली. सुजाता. ती बुलढाण्यात कोर्टात नोकरीला होती. शाळेत येऊन तिने पानं परत मागितली. मी म्हणालो, पानांना वाळवी लागली, काही उरलं नाही. हे मी सरळ तिच्याकडे पाहत म्हणालो. पानं घरी कपाटात होती, कोरडी, व्यवस्थित.

"बाबांले तुमी नका सांगू," ती म्हणाली. "मी सांगीन."

भीमराव माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी आठवून एक पान पुन्हा काढायला घेतलं. डोळ्यांना कमी दिसत होतं, हात थरथरायचा. एका पानाला दोन महिने लागले, असं सुजाताने नंतर सांगितलं.

ते पान घेऊन ती आमच्या प्रदर्शनाला आली. आम्ही संग्राहकांनी बुलढाण्यात एक हॉल घेऊन ते भरवलं होतं. ज्यांच्यावर मी लेख लिहिला ते नागपूरचे चित्रकार पाहुणे होते, व्यासपीठावर माझ्या शेजारी. संयोजकाने पान वर आणून दिलं आणि माइकवर म्हणाला, ही कॉमिक्स आपल्या वडिलांनी काढली असं या ताईंचं म्हणणं आहे, आता सरच सांगतील.

मी पान हातात घेतलं. रेघा कापत होत्या, पण उतरत होत्या त्याच बाजूला. शेजारी पाहुणे समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी बोलायला किती वेळ घेतला? फारसा नाही. एवढं आठवतं की आवाज माझा नेहमीचाच होता.

"नक्कल आहे," मी म्हणालो. "नक्कल म्हणून चांगली आहे. एखाद्या चाहत्याने प्रेमाने केलेली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या चाहत्यासाठी असाव्यात. भीमराव तिसऱ्या रांगेत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. ते उठले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर दाराशी माझी वाट पाहत होते. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुमाले तं माहीत होतं, सर."

प्रश्न नव्हता तो. मी चष्मा पुसला. ते गेले.

पुढच्या हिवाळ्यात ते वारले. मी मोताळ्याला भेटायला गेलो. सुजाताने चहा दिला. दहा मिनिटं बसलो. पानं सोबत नेता आली असती. नेली नाहीत. नेऊ की नको, असा विचार करत बसलो होतो असंही नाही.

नागपूरचे चित्रकारही आता नाहीत. आता तर माझा लेख कुणी वाचत नाही, पुण्याहून कुणी बोलवत नाही, गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी मागच्या वर्षी त्या कॉमिक्सची नवी आवृत्ती निघाली तेव्हा प्रस्तावना मी लिहिली. त्यात ती रेघांची ओळ पुन्हा घातली — मुद्दाम घडवलेला ढंग. कुणी घालायला सांगितली नव्हती. मुखपृष्ठावर नाव पूर्वीचंच आहे.

अधूनमधून ती बारा पानं मी काढतो आणि बघतो. सातव्या पानावरची तिसरी चौकट जरा गर्दीची झाली आहे, संवादाच्या फुग्याला जागा कमी पडली आहे, असं काहीतरी डोक्यात येतं. मग पानं परत ठेवतो.

सुजाता परवा भाजीबाजारात भेटली. तिने नमस्कार केला, मीही केला.

"बाबांचं पुस्तक पुन्हा निंघालं, सर," ती म्हणाली. "घेतलं म्या. तुमी लेहलेलं बी वाचलं."

पुढे काही बोलेल म्हणून मी थांबलो. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ती गेली. मी वांगी घेतली, थोडी कोथिंबीर घेतली आणि घरी आलो.